नेरीनचा खोका

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी थेल्मा ब्रेहॉट
माझ्या खिडकीशी यायची, काखेत पुठ्ठ्याचा लांबट खोका,
बुटांना काचघरातली वाळकी माती.
"तेच ना?" मी विचारायचो. "तेच."
काट्यावर आठशे ग्रॅम, कधी सातशे नव्वद.
फुलं म्हणजे निम्मं पाणीच म्हणा,
आणि पाण्यालाही टपालखर्च पडतो.

पत्ता मला पाठ: ऑलिव्ह, बार्लो रो, स्टॉकपोर्ट.
चाळीस सालच्या जूनमध्ये बेटावरची पोरं बोटीत बसवली,
गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून.
ऑलिव्ह पाच वर्षांची. थेल्मा दुपट्यात, म्हणून राहिली.
लढाई संपल्यावर बोटी परतल्या,
त्यात आईचा चेहरा विसरलेली पोरं होती.
ऑलिव्ह नव्हती.
तिकडची माणसं चांगली होती, एवढंच थेल्मा सांगायची
आणि सुटे पैसे मोजू लागायची.

काचघर बापाचं. एके काळी त्यात टोमॅटो, द्राक्षं,
रात्रीच्या बोटीने लंडनला जाणारे फुलांचे ढीग.
मी पाहिलं तेव्हा निम्म्या काचा फुटलेल्या,
आत काटेरी झुडपं माजलेली,
आणि दक्षिणेच्या भिंतीला पाठ टेकून नेरीन.
पान एक नाही. नुसता दांडा,
वर सात-आठ फुलं, पाकळ्या मागे मुडपलेल्या,
कुणी हाक मारली म्हणून सगळ्यांनी एकदम मान वळवावी तशा.
उन्हात धरलं की त्यांवर जर चमकते.
बाकीची बाग आवराआवर करून निजायला निघते
तेव्हा हिला सुचतं.

आम्ही हिला बेटाची लिली म्हणतो.
खरी ती आफ्रिकेच्या पार टोकाची.
जहाज फुटलं, कांदे वाळूत रुतले, फुलले,
असं शाळेत सांगायचे. खोटं असेल.
पण कुठून तरी येऊन इथलंच होता येतं,
एवढं आम्हाला त्यातून कळलं.

एका मार्चमध्ये थेल्माचं पाकीट परत आलं.
कोपऱ्यात निळ्या शाईत दोन शब्द.
मीच ते तिच्या हातात दिलं.
तिने खिशात घातलं, दोन तिकिटं घेतली,
वारा फार आहे म्हणाली, आणि गेली.

नोव्हेंबर. मंगळवार. खोका.
पत्ता तोच.
मी काट्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे.
"फुलं आलीत," ती म्हणाली. "काय करू?"
आठशे दहा.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं.
दुसऱ्याचं कार्ड वाचू नये असा नियम आहे. मी वाचलं.
*बाई, तुम्ही कोण मला ठाऊक नाही.
मी इथे मे महिन्यापासून राहतो, रात्रपाळी करतो.
फुलदाणी नव्हती, दुधाच्या जगात ठेवली.
अजून ताठ आहेत. पहाटे घरी आलो की
दिवा लावण्याआधीच दिसतात.
क्लाइव्ह ओडेल.*

पुढल्या वर्षी खोक्यावर क्लाइव्हचं नाव होतं,
स्पेलिंग चुकलेलं.
मी दुरुस्त केलं नाही.

मग काचघर विकलं गेलं. तिथे आता गाड्या उभ्या राहतात.
त्याआधी ती कागदी पिशवीत पाच कांदे घेऊन आली,
वजनासाठी नाही, माझ्यासाठी.
"खोल पुरू नकोस. गळा उघडा राहू दे.
उन्हाळ्यात पाणी तोडायचं, दया आली तरी.
आणि जागा अपुरी दे. ऐसपैस वाटलं
तर हिला फुलायचं कारणच उरत नाही."

मी सगळं ऐकलं, आणि मोठी कुंडी आणली.
लाडाने पाणीही घातलं.
तीन हिवाळे झाले. पानं छान आहेत,
हिरवीगार, पट्ट्यासारखी.

यंदा पाचही कांदे उपसून
जुन्या बिस्किटांच्या डब्यात कोंबलेत,
तळाला खिळ्याने भोकं पाडून.
डबा भिंतीशी आहे.
पत्ता माझ्याकडे आहेच.