तीन नंबरचा बावटा

"आमचं शिप बुडालं!" मी फोनवर ओरडले
तेव्हा पप्पा ताटावरून उठले, हात तसाच खरकटा,
"कुनाची गो? कंची बोट? किती मानसं व्हती?"
मी म्हटलं, दोनच. लेवंती आणि इंद्रसेन.
हर्णैत या नावांचं कोणी नाही,
त्यांनी पाजपंढरीपर्यंतची घरं मनात मोजली.
खरं कळल्यावर आठ दिवस बोलले नाहीत.

कसं सांगू, पप्पा,
शिप म्हणजे दोघांनी एकत्र यावं
अशी तिसऱ्याच कुणाची इच्छा.
तिला शीड नाही, वल्हं नाही, परवाना नाही,
ती आपल्याच पोटात नांगर टाकून बसते.

दिवसा मी लिलावाची वही लिहिते.
सुरमई किती, म्हाकूल किती टोपल्या,
बर्फ कोणाचा, उधारी कोणाची.
रात्री त्याच अक्षरात, कथेच्या माथ्यावर:
पात्रं माझी नाहीत. मालिका माझी नाही.
एक्केचाळिसाव्या भागापर्यंत मूळ कथेला धरून,
पुढे माझ्या मर्जीनं.
समुद्र तेवढा माझा आहे, तो चालवून घ्या.

मूळ कथेत इंद्रसेन बुडतो.
दोन वाक्यांत बुडवलाय त्याला.
लिहिणाऱ्यानं समुद्र बहुतेक हॉटेलच्या खिडकीतून पाहिला असावा.
मी त्याला परत आणायचं ठरवलं,
पण परत आणायचा तर आधी नीट बुडायला हवा.
म्हणून लिहिला पायात अडकलेला दोर,
नाकात शिरलेलं डिझेलचं पाणी,
वर, बोटीच्या पोटाचा शेवाळी रंग
आणि हाक मारायला उघडलेलं तोंड.
चार पानं. पाचव्यावर तो जिवंत.
श्रेणीच्या रकान्यात मी लिहिलं, सर्वांसाठी.
सूचनेच्या रकान्यात, गोड शेवट.

नियम ठाऊक नव्हते असं नाही.
मरण असेल तर मरण लिहा, जबरदस्ती असेल तर तीही,
पात्रांची वयं लिहा, लपवू नका.
मी आणि गुहागरची शाल्मली त्यावर हसायचो:
सावधान, या कथेत फार वाईट पोहे आहेत!
मला वाटायचं, सगळं आधीच सांगितलं
तर वाचणाऱ्याचा पाय घसरणार कसा?

मग जैतापूरकडच्या एकीचा निरोप आला.
नाव तिनं 'ओहोटी' घेतलं होतं.
"दोन पानं वाचली, पुढं नाही वाचवलं.
पाचव्यावर तुझा आला असेल.
आमचा दादा नारळी पुनवेनंतर गेला.
बोट मिळाली. जाळं मिळालं.
चांगलं लिहितेस. दोराचं अगदी बरोबर आहे.
फक्त आधी सांगायचंस."

त्या संध्याकाळी लिलावात मी तीनदा आकडा चुकले.
बंदराच्या खांबावर तीन नंबर चढला होता,
वाऱ्यानं दोरी खांबावर टकटक वाजत होती.
बावटा कुणाचा हात धरत नाही.
पप्पा एकदा तीन नंबर असतानाच गेले होते,
आईशी भांडून, हप्ता थकला म्हणून.
पण गेले ते वर बघून गेले.
आईनंही बघितलं होतं. म्हणून तर भांडली.

आणि मी खांबच उपटून ठेवला होता,
वर त्याला गोड शेवट म्हणत होते.

रात्री माथा बदलला.
बुडणं आहे. सविस्तर. पान एक ते चार.
ज्यांचं कुणी पाण्यात आहे त्यांनी इथूनच वळावं.
तो परत येतो,
पण फक्त या कथेत.
शेवटची ओळ दोनदा खोडली, तिसऱ्यांदा ठेवली.
ओहोटीला काय लिहावं ते सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

पप्पा ओट्यावर जाळं सांधत बसले होते,
सुई दातात धरून म्हणाले,
"तुजा तो... आला काय?"
आला, म्हटलं.
"कंच्या बंदराला?"

ते मी लिहिलंच नव्हतं.