समुद्रडुकरांचं गवत

आमच्या बेटावर गिनीपिगला म्हणतात समुद्रडुक्कर.
समुद्राशी त्यांचा काडीचा संबंध नाही.
काडीशी मात्र आहे, दिवसरात्र.

ओस्कर फिनलंडला गेला वेल्डिंगच्या कामावर
आणि दोन समुद्रडुकरं पडली माझ्या गळ्यात,
रायम आणि पुडेर.
"तिथल्या खोलीत परवानगी नाही, आई."
जाताना कागदावर एवढंच लिहून गेला:
गवत. चांगलं. संपू द्यायचं नाही.

चांगलं म्हणजे काय?
मासळीच्या कारखान्यात माझी बावीस वर्षं गेली,
मासा ताजा की शिळा ते डोळ्यांत बघून सांगते.
गवताला डोळे कुठे असतात?

दुकानातलं पाकीट फोडलं तर आत पिवळा भुसा.
पुडेरने हुंगलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी पाहते कालची हेरिंग विकणाऱ्याकडे.

सायकल काढली, वाल्दुरकडे गेले.
त्याने गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला,
आतलं ओढून काढलं.
"बाहेरचं सगळेच नीट ठेवतात."
माझ्या नाकाशी धरलं: हिरवट, किंचित गोड,
बंद डब्यातल्या चहासारखं.
मग मूठ आवळून सोडली.
चांगलं गवत सुटल्यावर हळूहळू पुन्हा उभं राहतं,
ओलं असेल तर गोळा होऊन बसतं.
झटकल्यावर धूळ उडाली तर ते गाईलाही नको.
टिमोथीची कणसं त्याने वेगळी करून दाखवली,
बाटली घासायच्या ब्रशसारखी.
"मऊ पाला आवडतो त्यांना, पण काड्याही घाल.
दात वाढायचे थांबत नाहीत त्यांचे.
आणि हे नेऊ नकोस, परवाचं आहे.
नव्या गवताच्या पोटात ताप असतो. सहा आठवडे जाऊ दे.
ते नेस, पलीकडचं."

मी शहाणी.
हवा लागली की नासतं, हे हाताला ठाऊक.
प्लास्टिकच्या पोत्यात कोंबलं, तोंड गच्च बांधलं.
नवव्या दिवशी पोत्याला आतून घाम
आणि तळाशी राखाडी लव.
कुंपणापाशी नेऊन पेटवलं. जळेना.
दुपारभर नुसता धूर.

दुसऱ्या खेपेला वाल्दुर हसला नाही,
हे त्याचं हसणंच.
"माशाला बर्फ, गवताला वारा," म्हणाला,
आणि पैसे घेतले पुरते.

ओस्करच्या लहानपणीच्या रजईची खोळ होती,
निळी, रॉकेटं छापलेली. सुती.
तिच्यात गवत सैल भरलं, तोंड उघडं ठेवलं.
जमिनीची ओल नको म्हणून त्याच्या पलंगावर,
रंग उडू नये म्हणून पडदा ओढून,
खिडकी दोन बोटं उघडी.
कारखान्यातून आले की आत हात घालते,
कोपरापर्यंत,
ताप बघायला.

फोनवर तो विचारतो, खातायत का?
मी फोन पिंजऱ्यापाशी धरते.
करकर, करकर.
बराच वेळ आम्ही दोघंही ऐकतो.

नाताळात आला.
खोलीचं दार उघडलं आणि अकरा शिंका.
"गवत," नाक पुसत म्हणाला, "पहिल्यापासूनच."

सात वर्षं!
म्हणजे ते सगळे हिवाळे, ती सर्दीची औषधं,
मी त्याच्या मोज्यांत घातलेली मोहरीची पूड,
शाळेत पाठवलेल्या चिठ्ठ्या.

"सांगितलं असतं तर तू देऊन टाकली असतीस त्यांना."

टाकली असती.

मग ती परवानगीची गोष्ट?
त्याने पुन्हा नाक पुसलं,
रायमला मांडीवर घेतलं, आणि शिंकला.

स्वयंपाकघरात चुलीपाशी त्याची गादी घातली.
पलंगावरून गवत काही हललं नाही.
रात्री उठले, खोळीत हात घातला.
गार होतं, कोरडं.
परतताना, आलेच आहे तर,
त्याच्याही कपाळावर ठेवला.
हाताला कुसं चिकटलेली.
झोपेतच शिंकला.