पंधरावा चर

शाळेने दोन आठवडे दिले होते, बाहेर जाऊन काम बघायला.
ऑर्ला गेली जनावरांच्या दवाखान्यात, मांजरांचे पंजे धरायला,
कॅहल मामाच्या गॅरेजात.
मी दलदलीवर.
संस्थेने दिलेले बूट दोन नंबरांनी मोठे,
टोकांत मोजे कोंबून घातले.

काम डॉनखाने एका वाक्यात सांगितलं:
पाणी किती खाली गेलंय ते मोजायचं.
दलदलीत ठोकलेले पाइप, एकूण चाळीस.
प्रत्येकात एक बारीक रबरी नळी सोडायची,
वरच्या टोकाने फुंकत राहायचं,
बुडबुडे ऐकू आले की थांबायचं.
तिथे बोट धरायचं. आकडा वहीत.

मला वाटलं होतं पक्षी असतील,
दुर्बीण असेल,
निदान एखादं जखमी पिल्लू.

होती ती फुंकर.
पहिल्या दिवशी डोकं गरगरलं.
तिसऱ्या दिवशी पाइप आवाजावरून ओळखू यायला लागले:
सातवा गुळण्या करतो,
बाविसाव्याला उचकी लागते,
एकतिसावा बोलतच नाही.

एकतिसाव्यापाशी श्वास संपायचा.
नळी तळाला टेकायची, ऐंशी सेंटिमीटर, कोरडी.
"चौदाच्या चौदा चर बुजवलेत,"
डॉनखा नकाशा उलटा धरून बघायचा,
मग सुलटा,
"मग पाणी जातंय कुठे?"
विचारणार कुणाला?
गावातले लोक त्याच्याशी फक्त हवेबद्दल बोलतात.

घरी आमची शेगडी.
तिच्यात याच दलदलीच्या विटा,
वाळवलेल्या, काळ्या, उचलल्या तर हलक्या.
बाबा सत्तावीस वर्षं कंपनीच्या यंत्रावर होते.
माझ्या दातांची तार, माझा गणवेश,
आजोबांची शवपेटीसुद्धा
या मातीच्या पैशातली.
कंपनी बंद झाली त्या दिवशी
त्यांनी जेवणाचा डबा घरी आणला होता, न उघडलेला.
आता रोज सकाळी ते मला सोडतात
फाटकापर्यंत.
फाटकाच्या आत नाही. इंजिन चालूच.

दुसऱ्या बुधवारी, जेवताना,
मी सहज म्हटलं, एकतिसावा कोरडा आहे.
"कुठला एकतिसावा?"
जुन्या रुळांपलीकडचा. तीन बर्च आहेत ना, तिथला.
ते बटाट्याला मीठ लावत राहिले,
बराच वेळ,
एकाच बटाट्याला.

शुक्रवारी फाटकापाशी इंजिन बंद झालं.
त्यांनी डिकीतून स्वतःचे बूट काढले,
उलटे करून झटकले, एक कोळी बाहेर पडला
आणि घाईने गवतात गेला.
डॉनखाशी हात मिळवला नाही.
चालायला लागले.
नकाशा नाही, काठी नाही,
जमीन जिथे धरते नेमकं तिथे पाऊल.
आम्ही दोघं मागून त्यांच्या ठशांत पाय टाकत.
मध्येच पायाखालून एक पाणलावा उडाला, वाकडातिकडा,
त्यांनी मान वर केली नाही.

तीन बर्चच्या खाली ते थांबले.
झुडपात टाच मारली.
आतून पोकळ आवाज आला.
"हा मी खणलाय. ब्याण्णवच्या फेब्रुवारीत.
यंत्र रुतत होतं, साहेबाला घाई होती.
कागदावर कुणी घेतला नाही."

डॉनखाने फावडं पुढे केलं.
बाबांनी पात्यावरून अंगठा फिरवला.
"याला धार नाही,"
म्हणाले, आणि खिशातून कानस काढली.

दुपारभर ओल्या मातीचे गोळे, दाबून, थरावर थर.
कुणी फारसं बोललं नाही.
संध्याकाळी मी एकतिसाव्यात फुंकलं.
काही नाही. फक्त माझाच वारा परत आला.
डॉनखा म्हणाला, दोन हिवाळे तरी लागतील.
बाबा म्हणाले, एक.
डॉनखा म्हणाला, दोन.
ते फाटकापर्यंत भांडत गेले,
फाटकापाशी उभे राहून भांडले,
मी गाडीत बसून शाळेचा फॉर्म भरला.

बूट परत केले.
मोजे टोकातच राहिले.