डावा खिसा

क्लोतिल्द दूसेचा रेनकोट आता माझ्याकडे आहे,
तिची मंगळवारची पाळीही.
सहा ते सहा-दहा. मग आठ ते आठ-दहा.
बंधाऱ्याच्या कडेला मत्स्यशिडी,
तिच्या वरच्या तोंडाशी तळाला पांढरी फळी,
फळीवरून जाईल तो मोजायचा.

गास्परो म्हणतात इथे त्याला.
हेरिंगच्या भावकीतला, वीत-दीड वीत,
मे महिन्यात फंडीच्या उपसागरातून चढतो.
काटे इतके, की खाताना
कुणी भांडत नाही.

तिचा नवरा पिंपांनी मोजायचा.
एका साली साठ पिंपं, एका साली अकरा.
नदीत किती उरले, विचारलं
तर म्हणायचा, नदीला विचारा.
ती एकेक मोजायला लागली तेव्हा
तो अंथरुणाला खिळलेला. हसला म्हणे, खूप वेळ.

मला तिने शिकवलं ते एवढंच:
काही दिसलं नाही तर शून्य लिही.
रकाना कोरा सोडू नकोस.
कोरा म्हणजे तू आली नव्हतीस.
शून्य म्हणजे तू होतीस,
पाणी होतं, नऊ अंश होतं,
ते नव्हते.

आणि हे, की काही दमतात.
फळी ओलांडून पुन्हा खाली घसरतात.
मुठीतलं मोजयंत्र पुढेच पळतं,
मागे येणं त्याला ठाऊक नाही.
म्हणून घसरलेल्या प्रत्येकाचा
एक खडा, डाव्या खिशात.
घरी जाऊन वजा करायचे. खिसा झटकायचा.

आज रेनकोट पहिल्यांदा घातला.
डाव्या खिशात सात खडे.

तिचा शेवटचा कागद मी पाहिला आहे.
चौदा मे, दोनशे बारा, खाली सही.
सात आधीच वजा केलेत की राहिलेत,
अक्षरावरून कळत नाही.
कार्यालयातला डूगल मॅकअ‍ॅस्किल फोनवर म्हणाला,
चाळीस हजारांत सात, सोडून दे.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
सात, कदाचित.

सहाच्या फेरीला शून्य.
पलीकडच्या काठावर समुद्रपक्षी
माझ्याइतकेच कंटाळलेले.
आठला फळीवर आधी सावली हलली,
मग पाठ,
मग एकदम इतक्या पाठी
की अंगठा पुरेना.

एक घसरला.
वाकून खडा उचलला,
हात सवयीने डावीकडे गेला,
थांबला.

उजव्या खिशात टाकला.