घटना : नाही

जेल गार असतं, हे मी आधीच सांगते.
तरी टूरिड दचकते दरवेळी,
आणि दरवेळी म्हणते, "समुद्रापेक्षा बरं."

बोडो. नोव्हेंबरचा शेवट, सकाळचे अकरा,
खिडकीबाहेर उजाडतंय की मावळतंय, कळत नाही.
उजवीकडे मान वळव, मी म्हणते
(इथं डॉक्टरलाही अरे-तुरेच),
आणि डाव्या जबड्याखालच्या खोबणीत
प्रोब टेकवते.

मोकळी रोहिणी बोलते तुटक, ठणठणीत,
दारावर थाप पडावी तशी.
हिची तशी बोलत नाही.
चिंचोळ्या जागी रक्त घाई करतं,
फटीतून वारा शिरावा तसं,
चिरक्या, उंच स्वरात.
"सत्तर टक्के?" ती विचारते.
"सत्तर. मागच्या वेळेइतकंच."
बत्तीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडली हिनं.
किती भरलंय, किती मावेल,
याचा अंदाज हिला माझ्याहून जास्त.

सापडलं कसं? दाढेमुळे.
दाढेच्या एक्सरेत, कोपऱ्यात, मानेपाशी
चुन्याचा एक ठिपका.
दाढ निघाली. ठिपका राहिला.
दुखणं नाही, चक्कर नाही,
धडधाकट बाई, दारातला बर्फ स्वतः उपसते,
आणि गळ्यात हे.

मग आम्ही विचारलं, येतेस का अभ्यासात?
एका गटाला सुरी आणि गोळ्या,
दुसऱ्याला नुसत्या गोळ्या.
"तुम्हाला कुठलं बरं वाटतं?"
माहीत असतं तर विचारलं नसतं, सीवर्टसन म्हणाला,
आणि कागद सारखे करत बसला.
चिठ्ठी काढली संगणकानं, दूर ऑस्लोत.
नुसत्या गोळ्या.
त्या दिवशी ती रात्रीपर्यंत गप्प होती,
तिचा नवरा नंतर मला म्हणाला.
सुटल्यासारखी की हुकल्यासारखी,
त्यालाही कळलं नव्हतं.

आता फॉर्म.
हात लुळा पडला? नाही.
एका डोळ्यापुढे पडदा आला, क्षणभर तरी? नाही.
शब्द सापडेनासे झाले?
इथं ती थांबते.
"सप्टेंबरात," म्हणते, "आन्फिनला पुरलं तेव्हा.
अख्खी दुपार. लोक कॉफी पीत होते,
आणि मला 'बशी' आठवेना."

माझं पेन जागच्या जागी.
सीवर्टसनला बोलावते. तो खोदून खोदून विचारतो,
हात उचलायला लावतो, हसायला लावतो.
ती हसते,
दोन्ही बाजूंनी सारखं.
तरी स्कॅन. दोन तास बाकावर, कोट मांडीवर.
मेंदू स्वच्छ.
तिच्या दुपारीसाठी फॉर्मवर रकाना नाही.
मी लिहिते, घटना : नाही.

ती गेल्यावर आलेख उघडते.
प्रत्येक गटाची एक आडवी रेघ,
कुणी कोसळलं की एक पायरी खाली.
पुरेशा पायऱ्या पडल्या नाहीत
तर उत्तर मिळत नाही.
आकडे फार संथ येताहेत, परवा बैठकीत कुणीतरी म्हणालं.
मी हो म्हटलं.
मग जिन्यात उभी राहिले, बराच वेळ,
कठड्याला धरून.
टूरिडला हे मी सांगितलेलं नाही.
तिला बहुधा ठाऊक आहे;
रिकाम्या बोटीवरही तिकिटं फाडावी लागतात,
असं ती एकदा म्हणाली होती, दुसऱ्याच कशावरून तरी.

निघताना तिनं मफलर गुंडाळला,
दोन वेढे, गाठ सैल.
"पुढची फेरी?"
मे महिन्यात, मी म्हटलं, आणि कार्ड दिलं.
सवयीनं तिनं त्याचा कोपरा फाडला,
तुकडा माझ्या हातावर ठेवला
आणि कार्ड पर्समध्ये.

आत्ता खिशातून काढून बघतेय.
तारीख त्याच तुकड्यावर आहे.
उद्या फोन करायला हवा.