उतारासाठी जागा

तोर्गुन राहते डोंगरमाथ्यावर.
रात्रभर गाडी चार्जिंगला,
आणि पहाटे उठून वायर काढते
ऐंशीलाच.
शेजारी हसतात.

पहिल्या हिवाळ्यात तिनं शंभर भरले होते.
अकरा वळणं, खाली फ्योर्डचं काळं पाणी,
पाय उचलला तरी गाडी धावतच राहिली.
भरल्या पोटी कोण घेणार उतार?
ब्रेकचा जळका वास सुटला,
आस्ब्योर्नच्या बसला यायचा तसा.

आता ती नुसता पाय सैल करते.
गाडी जड होते, बारीक कण्हते,
वळणागणिक काहीतरी गोळा करत उतरते.
फेरीच्या धक्क्यावर
सत्त्याऐंशी.

शेवटच्या हातभर अंतराला मात्र
ब्रेकच लागतो.
तो ती डाव्या पायानं दाबते.
आता ओरडायला
कुणी नाही.