पत्र्याखालचं बिऱ्हाड

टोमॅटो लावायचे ते जत्रेच्या दिवशी,
ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी, आधी नाही.
टास्मानियात हे कुणी शिकवत नाही,
एकदा सगळी रोपं हिवाने काळी पडली की कळतं.
मीही तशीच शिकले, सत्त्याहत्तर साली.

यंदा जत्रेच्या सकाळी
आधाराच्या काठ्या काढायला
शेडमागचा गंजका पत्रा उचलला,
तर खाली ती.
वितीपेक्षा थोडी लांब, पावासारखी फुगीर.
तोंड वासून तिने जीभ दाखवली,
शाळेतली दौत पिऊन आल्यासारखी निळी.
मी म्हटलं, माफ करा बाई,
आणि पत्रा होता तसा ठेवला.
काठ्या दुकानातून आणल्या.

नाव ठेवलं मिसेस पिबल्स,
आमच्या टपाल कचेरीतल्या साहेबीणबाईंवरून.
त्याही अंगाला ऊन लागल्याशिवाय
कुणाशी बोलत नसत.

गोगलगायींचं औषध तेव्हापासून बंद.
गोगलगाय औषध खाते, ही गोगलगाय खाते,
एवढं गणित मलाही येतं.
कोबीची मात्र चाळण झाली.

रात्री कुंपणाखालच्या भोकातून पॅडमेलन येतात,
ससा आणि कांगारू यांच्यात
कधीकाळी तडजोड झाली असावी अशी जनावरं.
वाटाण्याचे शेंडे खुडतात एका उंचीवर,
न्हाव्याकडे उमेदवारी केल्यासारखे.
बँडिकूट हिरवळीत नाकाएवढे खड्डे पाडून जातो.
मी एकदा त्या खड्ड्यांतच मुळ्याचं बी टाकलं.
उगवलं.

पलीकडे क्लॅरी हॅझलवूड.
लाकडाच्या गिरणीत एकतीस वर्षं,
डाव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली.
त्याच्या वाफ्यांच्या ओळी दोरी धरून आखलेल्या.
नोव्हेंबरात तो तारेचं भेंडोळं घेऊन दारात उभा.
"नॉरीन, ते भोक बुजवतो. गुलाब खाल्ले माझे."
मी चहा ठेवला.
चहाच्या आधी भांडू नये.

दुसऱ्या कपाला म्हणाला,
"विटेएवढी फट ठेवावी लागेल पण. डगसाठी."
"कोण डग?"
"दुपारी येतो. पायरीवर पडून राहतो उन्हात.
माझ्या हातून स्ट्रॉबेरी खातो."
इकडेतिकडे बघून, हळूच,
"जीभ निळी आहे त्याची.
शेपटीचं टोक तुटलंय."

मी कप ढवळत राहिले.
साखर घातलीच नव्हती.

म्हणजे सकाळी माझ्याकडे बाई,
दुपारी त्याच्याकडे बुवा,
सासर-माहेर विटेएवढ्या अंतरावर.
मी काही बोलले नाही.
एकट्या माणसाच्या पायरीवर कोण येतं,
हे आपण कशाला दुरुस्त करा?

भोक राहिलं.
तार शेडला टेकून ठेवली,
तिच्यावर घेवडा चढला.

फेब्रुवारीत एका दुपारी
पत्र्याच्या कडेला काहीतरी वळवळलं.
बोटाएवढी पोरं, अंड्याबिंड्याची भानगड नाही,
थेट जिवंत, पट्ट्यापट्ट्यांची.
अकरा मोजली, मग ती हलली, मग नऊ.
प्रत्येकाला जीभ आहे हे दाखवायची घाई.

कुंपणावरून हाक मारली,
"क्लॅरी, डगला पोरं झाली."

बराच वेळ उत्तर नाही.
मग आला, बुटांच्या नाड्या तशाच लोंबत.
वाकला, गुडघे वाजले.
"डग," म्हणाला. "अरे, डग."

पोरांकडे ती बघतही नव्हती,
त्यांच्यात तशी रीत नाही.
उन्हं उतरेपर्यंत सगळी पांगली,
दोन माझ्या बिटात, एक त्याच्या वाफ्याकडे,
बाकीच्यांचं विचारू नका,
वर कावळा बसला होता.

क्लॅरी घरी गेला, वाटी घेऊन आला.
हंगामातल्या शेवटच्या स्ट्रॉबेरी, आंबट असणार.
त्या तीन बोटांनी
एकेक पत्र्याशेजारी ठेवली,
ओळीत.
"भूक लागली असेल त्याला," म्हणाला.